नवी मुंबईत घणसोलीतल्या प्रयोगशील शाळेसाठी उचलून नेता येईल असा वर्ग हवा, एसी परवडणार नाही. जुना कंटेनर चालेल का?

कंटेनर घेऊ नका. नटबोल्टने जोडलेला लोखंडी सांगाडा आणि दुहेरी छप्पर करा. २० फुटी कंटेनरची आतली रुंदी जेमतेम २.३५ मीटर, त्यात वीस मुलं म्हणजे लोकलचा डबाच, आणि खिडक्यांसाठी पत्रा कापला की मजबुतीही कमी होते. आपल्याकडची हवा दमट. घाम वाळायला वारा लागतो, आणि तापलेलं छप्पर थेट डोक्यावर उष्णता फेकतं. म्हणून खर्च छपरावर करा:

- वर पांढरा गॅल्व्हल्यूम (जस्त-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पोलादी) पत्रा, मध्ये २५०-३०० मिमी मोकळी पोकळी, खाली बांबू-मॅट बोर्डचं (बांबूच्या चटया दाबून केलेल्या फळ्यांचं) छत. पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवून जाळी लावा. बंद केली तर गरम हवा तिथेच कोंडते. पावसाचा आवाजही या छतामुळे कमी होतो, पण पूर्ण थांबत नाही.
- ६ × ४.५ मीटरचा वर्ग, लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने. दोन्हीकडे समोरासमोर खिडक्या, खिडकीची खालची कड बसलेल्या मुलाच्या डोक्याच्या पातळीखाली, नाहीतर वारा वरूनच निघून जातो.
- छपराच्या कडा भिंतीपासून किमान ९० सेंमी बाहेर.
- जोत्याऐवजी ४५ सेंमी उंच सुटे काँक्रीट ठोकळे.

वेल्डिंग टाळा, नाहीतर हलवताना गॅसकटर आणावा लागेल. बोल्ट गॅल्व्हनाइज्डच (जस्ताचा मुलामा दिलेले) घ्या; खाडीच्या खाऱ्या हवेत साधे गंजून अडकतात.

मात्र एवढं हलकं छप्पर वळवाच्या वाऱ्यात उचललं जाऊ शकतं. सांगाडा ठोकळ्यांना बोल्टने जखडा आणि ठोकळ्यांचं वजन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच काढून घ्या.