जुन्या ट्विन रिव्हर्बमधून जास्त डिस्टॉर्शन: आधी अर्थिंग बघा, मग पेडल घ्या

तुमचा प्रश्न असा: तुमच्या मामांनी बोटीवर असताना आणलेला फेंडर ट्विन रिव्हर्ब गिटार अँप, चंदेरी पट्टीचा, मास्टर व्हॉल्यूम (एकूण आवाज वेगळा कमी करणारा नॉब) नसलेला. व्हॉल्यूम ३ वर नेला की म्हापशाच्या घराची तावदाने थरथरतात, पण आवाज तरीही लख्ख स्वच्छ. तुम्हाला रिदमला क्रंच, म्हणजे हलका फाटलेला आवाज, आणि लीडला लांबणारा स्वर हवा आहे. मित्र म्हणतो दोन ट्यूब (सिग्नल वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या) काढ, दुरुस्तीवाला म्हणतो भोक पाडून मास्टर बसवून देतो. माझे मत आधीच सांगतो: यातले काहीही करू नका. डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला आवाज, पेडलमधून (गिटार आणि अँपच्या मध्ये जोडून पायाने चालवायच्या डबीतून) घ्या आणि ट्विनला त्याचे स्वच्छ काम करू द्या.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी प्रत्येक जुन्या अमेरिकन अँपवाल्याला सांगतो. मागच्या पट्टीवर ११७ किंवा १२० व्होल्ट लिहिले असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर थेट लावायचा नाही, हे तुम्हाला माहीत असेलच. पण बाजारात मिळणारे व्होल्टेज कमी करणारे बरेच स्वस्त स्टेप-डाउन ट्रान्स्फॉर्मर दोनच तारांचे असतात, अर्थिंग पुढे जातच नाही. त्या काळातल्या अनेक अँपना दोन पिनांची वायर आणि मेनच्या तारेपासून चॅसीपर्यंत (अँपच्या धातूच्या सांगाड्यापर्यंत) एक कपॅसिटर असतो. अमेरिकेतले टेक्निशियन त्याला ‘डेथ कॅप’ म्हणतात. तो गळायला लागला की गिटारच्या तारांवर करंट येतो. तुम्ही तारा धरून गाण्यासाठी माईकला ओठ लावलात की सर्किट पूर्ण. म्हणून पहिला खर्च हाच: तीन पिनांची वायर, तो कपॅसिटर काढणे आणि किमान ५०० व्हीएचा, अर्थिंग पुढे नेणारा ट्रान्स्फॉर्मर. घरातले अर्थिंगही तपासून घ्या. आपल्या चिऱ्यांच्या जमिनीत ते एप्रिल-मेमध्ये कोरडे पडते आणि नावापुरतेच उरते.

त्याच बैठकीत फिल्टर कपॅसिटर बदलून घ्या. पन्नास वर्षांचे असे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर जोरात वाजवायच्या लायकीचे नसतात. बराच काळ बंद असलेला अँप पहिल्यांदा सुरू करताना मेनच्या तारेत सिरीजचा दिवा (करंट मर्यादित ठेवणारा बल्ब) लावूनच करावा. आणि स्वतः आत हात घालू नका. स्विच बंद केल्यावरही आत चारशेच्या वर व्होल्ट साठून राहू शकतात.

आता मूळ प्रश्न. हा अँप फाटत का नाही? कारण तो फाटू नये म्हणूनच बनवला आहे. चार ६एल६ ट्यूब, ८५ वॅट, मोठा आउटपुट ट्रान्स्फॉर्मर, वर निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे नेऊन आवाज स्वच्छ ठेवणारी जोडणी). व्हॉल्यूम ७-८ वर नेला तर फाटतो, पण तो आवाज तुम्हाला हवा तसा नसतो. खालचे स्वर पसरतात, वरचे कानात घुसतात.

मित्राचा सल्ला अर्धा बरोबर आहे. बाहेरच्या दोन किंवा आतल्या दोन ट्यूब काढता येतात. मात्र एकाच बाजूच्या दोन काढायच्या नाहीत. पण मग आउटपुट ट्रान्स्फॉर्मरला ४ ओहमऐवजी ८ ओहमचा लोड द्यावा लागतो. तुमचे दोन ८ ओहमचे स्पीकर पॅरललमध्ये आहेत, म्हणजे एकाची जोडणी काढावी लागेल. मग उरलेली सगळी, चाळीसएक वॅट पॉवर त्या एकट्या जुन्या स्पीकरवर जाईल. आणि या सगळ्याचे फळ काय? ३ डेसिबल. पॉवर निम्मी झाली म्हणून आवाज निम्मा होत नाही. कानाला निम्मा वाटायला पॉवर दहाव्या हिश्शावर आणावी लागते, म्हणजे साधारण साडेआठ वॅट. शेजाऱ्यांना ३ डेसिबलचा फरक जेमतेम कळेल.

अटेन्युएटर (अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसून पॉवर खाणारा डबा) हा त्यापेक्षा प्रामाणिक उपाय आहे, पण तो ४ ओहमचा आणि १०० वॅटच्या वरचा हवा. ट्यूब सतत पूर्ण ताणात राहिल्याने लवकर संपतात. खूप खाली आणले की स्पीकर हलतच नाही आणि आवाज मेल्यासारखा होतो. शिवाय ट्विनचा फाटका आवाज मुळातच तुम्हाला आवडणार नसेल, तर तो हळू ऐकण्यासाठी पैसे कशाला घालवायचे?

म्हणून पेडल. इथे बहुतेक जण एक ठरलेला सल्ला देतात: ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह पेडल घे, ड्राइव्ह (पेडल किती फाटेल ते ठरवणारा नॉब) शून्यावर, लेव्हल पूर्ण वर, म्हणजे अँप फाटेल. हे मार्शल अँपवर छान चालते. ट्विनवर चालत नाही, कारण त्याच्यात एवढी जागा शिल्लक असते की लेव्हल वाढवल्याने तो फाटण्याऐवजी नुसता आणखी मोठा होतो. ट्विनवर फाटण्याचे काम पेडललाच करू द्यायचे. ड्राइव्ह निम्म्याच्या आसपास ठेवा, आणि लेव्हल अशी की पेडल चालू-बंद करताना आवाज जवळपास तेवढाच मोठा राहील.

आणि याच अँपवर ट्यूब स्क्रीमर का खुलतो, तेही पाहा. फेंडरच्या टोन सर्किटमध्ये ४००-५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा असतो. ट्यूब स्क्रीमर खालचे स्वर कापतो आणि सुमारे ७२० हर्ट्झला उंचवटा देतो, त्यामुळे गिटार बँडमध्ये पुढे येते. सिग्नल कापणारे त्याचे डायोड ऑप-अँपच्या (सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या) फीडबॅकमध्ये असल्याने मूळ स्वच्छ सिग्नलही थोडा मिसळून बाहेर पडतो आणि पिकचा ठोका हाताला जाणवत राहतो. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन फेंडर अँपपुढे हेच पेडल वापरत असे. लीडसाठी जास्त गेन हवा असेल तर रॅट हे डिस्टॉर्शन पेडल घ्या. त्यात डायोड सिग्नल थेट ग्राउंडकडे कापतात, म्हणून आवाज खरबरीत आणि दाट येतो. त्याचा फिल्टर उजवीकडे फिरवला की ट्रेबल कमी होतो, वाढत नाही, हे लक्षात ठेवा. दोन पेडल एकामागे एक लावायची असतील तर दोन्हींचा ड्राइव्ह कमीच ठेवा. मला तरी एका पेडलवर पूर्ण गेन देण्यापेक्षा हे नेहमी जास्त गोड लागते.

अँपवर व्हायब्रेटो चॅनेलचा १ नंबरचा जॅक वापरा. २ नंबरवर सिग्नल निम्मा होतो. ब्राइट स्विच बंद, नाहीतर डिस्टॉर्शन माश्या घोंघावल्यासारखे येते. बास २-३, ट्रेबल ४-५, मिडल मात्र ७-८ पर्यंत न्या. या सर्किटमध्ये मिडल वाढवला की एकूण सिग्नलही वाढतो, म्हणजे थोडा गेन फुकटात मिळतो.

दुरुस्तीवाल्याच्या मास्टरबद्दल: सर्किट म्हणून त्यात चूक नाही, पण मूळ पट्टीला पाडलेले भोक बुजत नाही आणि या अँपची किंमत त्याच्या मूळपणात आहे. प्रीअँपमधून (पॉवर ट्यूबच्या आधीच्या भागातून) येणारे डिस्टॉर्शनही या ट्विनमध्ये कोरडेच लागते. परत पूर्ववत करता येईल असा बदल हवा असेल तर कमी सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर कमी आवाज देणारे, स्पीकर लावा. १०० डेसिबलऐवजी ९७चे लावले तर पॉवर निम्मी केल्यासारखाच परिणाम होतो, आणि ट्रान्स्फॉर्मरला धक्का लागत नाही. मूळ स्पीकर कोरड्या जागी जपून ठेवा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास अँप चालू ठेवत जा. खारट दमट हवेने ट्यूबच्या पिना आणि सॉकेट गंजतात आणि मग जी खरखर येते ती कित्येकांना डिस्टॉर्शन वाटते.

मागच्या पट्टीवर व्होल्ट काय लिहिले आहेत, व्होल्टेज निवडायचा स्विच आहे का, आणि गिटारला सिंगल कॉइल पिकअप आहेत की हंबकर, ते कळवा. ट्रान्स्फॉर्मर आणि पेडल त्यावरून नेमके सांगता येईल.