एचआयव्ही पेशीतून बाहेर पडताना पेशीचीच प्रथिने कशी वापरतो?
गॅग हे विषाणूचे स्वतःचे प्रथिन पेशीपटलाला आतून चिकटते, हजारोंच्या संख्येने एकत्र येते आणि पटलाला बाहेरच्या बाजूस फुगवटा आणते. खरी अडचण त्यानंतर येते, कारण हा फुगवटा एका अरुंद मानेने पेशीला जोडलेला राहतो आणि ती मान तोडण्याचे साधन विषाणूकडे नसते.

पेशीकडे मात्र ते असते. एस्कॉर्ट नावाचा प्रथिनसमूह पेशीविभाजनाच्या शेवटी दोन पेशींमधला दुवा तोडतो. विषाणू त्यालाच कामाला लावतो. गॅगच्या टोकाशी असलेल्या पी६ या भागात प्रोलिन, थ्रिओनिन, अ‍ॅलानिन, प्रोलिन अशी चार अमिनो आम्लांची (प्रथिनांच्या घटकांची) ओळ असते आणि तिला एस्कॉर्टमधले टीएसजी१०१ हे प्रथिन येऊन जोडले जाते, असे २००१ साली दिसून आले. टीएसजी१०१ला एरवी बोलावणाऱ्या पेशीच्या एचआरएस या प्रथिनातही जवळपास अशीच ओळ असते, म्हणजे ही चक्क नक्कल आहे. शेजारच्या दुसऱ्या ओळीला अ‍ॅलिक्स हे प्रथिन चिकटते. मग एस्कॉर्टमधल्याच सीएचएमपी४ व सीएचएमपी२ या प्रथिनांचे तंतू मानेच्या आतून वेटोळे घालतात, व्हीपीएस४ हे प्रथिन एटीपी या पेशीतील इंधन-रेणूची ऊर्जा वापरून त्यांची फेररचना करते आणि मान तुटते.

ती चार अमिनो आम्ले बदलली, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूकण देठाला फळे लोंबावीत तसे पेशीलाच अडकून राहिलेले दिसतात. उंदरांतील ल्युकेमियाचा रेट्रोविषाणू (एचआयव्हीच्याच गटातला विषाणू) वेगळी ओळ वापरतो आणि युबिक्विटिन हे छोटे खूण-प्रथिन इतर प्रथिनांना जोडणाऱ्या नेड४ कुळातील प्रथिनांमार्फत याच यंत्रणेपर्यंत पोहोचतो.