रॅप्टर, टीआरएक्स, हायब्रिड, डिझेल की इलेक्ट्रिक: पिकअप ट्रक प्रत्यक्षात ॲव्हरेज किती देतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डॅलसला राहता, रोजचं ऑफिस गावातल्या गावात, वर्षातून चार-पाच वेळा लांबचा प्रवास, अधूनमधून मागे ट्रेलर. ताकदवान पिकअप घ्यायची आहे, पण नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरचे आकडे आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज यांत किती अंतर पडतं, आणि कुठल्या इंजिनात जास्त पडतं?

मी ह्यूस्टनजवळ राहतो. २०१८ ची फोर्ड एफ-१५० रॅप्टर चालवतो आणि प्रत्येक वेळी टाकी भरली की वहीत नोंद करतो. ही सवय वडिलांची. चेतकमध्ये किती पेट्रोल टाकलं आणि किती किलोमीटर झाले, हे ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवायचे.

आधी आकडे, कारण तुम्ही ते किलोमीटरमध्ये मागितलेत. एक मैल प्रति गॅलन म्हणजे साधारण ०.४२५ किलोमीटर प्रति लिटर. माझ्या ट्रकचं इंजिन साडेतीन लिटरचं ट्विन टर्बो व्ही-६ (सहा सिलिंडर, आणि त्यांत जास्तीची हवा दाबून भरणारे दोन टर्बो), ४५० हॉर्सपॉवर. स्टिकरवर शहरात १५ मैल प्रति गॅलन, हायवेला १८, सरासरी १६, म्हणजे ६.८ किलोमीटर प्रति लिटर. २०२१ ते २०२४ च्या रॅम १५०० टीआरएक्समध्ये ६.२ लिटरचा सुपरचार्ज्ड (इंजिनाच्याच जोरावर हवा दाबून भरणारा) आठ सिलिंडरचा व्ही-८ होता, ७०२ हॉर्सपॉवर. त्याचे आकडे १०, १४ आणि १२. रॅप्टर आर हा फोर्डचा सुपरचार्ज्ड व्ही-८ही सरासरी १२ वरच थांबतो. म्हणजे ५.१ किलोमीटर प्रति लिटर, तेही महागडं प्रीमियम पेट्रोल घालून.

आता माझ्या वहीतली एक नोंद. सॅन अँटोनिओहून परतताना आय-१० हायवेवर ट्रक रिकामा, क्रूझ कंट्रोल ताशी ७५ मैलांवर, एसी चालू. २१२ मैलांनंतर पंपावर नॉझल पहिल्यांदा 'टक' करून थांबलं तिथेच मी हात काढला. १३.९ गॅलन बसलं. भागाकार केला तर १५.३, आणि समोरचा डिस्प्ले १६.१ सांगत होता. म्हणून डिस्प्लेचा फोटो टाकून 'मला इतकं मिळतं' म्हणणाऱ्यांवर लगेच विश्वास ठेवू नका. टाकी फुल ते टाकी फुल, एकच पंप, आणि पहिल्या 'टक'ला थांबायचं. एवढीच पद्धत खरी.

हायवेला १८ का मिळाले नाहीत? स्टिकरवरचे आकडे ईपीए या अमेरिकी सरकारी पर्यावरण संस्थेच्या चाचण्यांतून येतात. तिच्या मूळ हायवे चाचणीत सरासरी वेग ताशी ४८ मैल असतो आणि कमाल ६०. २००८ पासून जास्त वेग, एसी आणि थंडी यांचाही हिशोब आकड्यात धरतात, तरी टेक्ससमध्ये आपण ७५-८० ने तासन्‌तास जातो, तसं त्यात काहीच नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यासाठी लागणारी शक्ती घनाने. रॅप्टरसारखा उंच, रुंद, ३५ इंची टायरांचा ट्रक हवेला भिंतीसारखा आडवा येतो. ६५ वरून ७५ वर गेलं की त्या विरोधासाठी लागणारी शक्ती दीडपट होते. ती व्ही-८ ने पुरवा, व्ही-६ ने पुरवा किंवा बॅटरीने.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे. अशा ट्रकांत इंजिनाचा प्रकार लोकांना वाटतो तेवढा फरक पाडत नाही. वजन, टायर, उंची आणि वेग जास्त फरक पाडतात. टोयोटा टुंड्राच बघा. आय-फोर्स मॅक्स हे तिचं हायब्रिड इंजिन ४३७ हॉर्सपॉवरचं. साध्या टू-व्हील ड्राइव्ह टुंड्रात ते सरासरी २२ देतं. तेच इंजिन टीआरडी प्रोमध्ये, म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह, उंच सस्पेन्शन आणि जाड नक्षीच्या टायरांसह, १९ वर येतं. इंजिन तेच, मोटर तीच.

इंजिनाचा फरक दिसतो तो भार बदलला की. टर्बो व्ही-६ हलक्या पायाने चालवला तर लहान इंजिनासारखा वागतो. पण ट्रेलर लावून चढ चढायला लागलात की टर्बो सतत पूर्ण जोराने हवा भरत राहतो. नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला संगणक स्पार्क उशिरा देतो, टर्बाइन तापू नये म्हणून जास्तीचं पेट्रोलही सोडतो, आणि तिथे सगळी बचत संपते. मित्राची बोट ओढून नेली तेव्हा माझी नोंद ९ च्या आसपास आहे. टीआरएक्सवाला तेव्हा माझ्यापेक्षा फार मागे नसतो. रिकाम्या ट्रकला मात्र त्याचा मोठा व्ही-८ थ्रॉटल, म्हणजे हवा आत घेणारी झडप, जेमतेम उघडून चालतो. अर्धवट मिटलेल्या तोंडाने श्वास घेतल्यासारखं ते काम, आणि त्यात पेट्रोल वाया जातं.

हायब्रिडमध्ये एफ-१५० पॉवरबूस्ट मला मनापासून आवडतो. ४३० हॉर्सपॉवर, आणि २०२१ च्या फोर-व्हील ड्राइव्ह मॉडेलला शहरात २४, हायवेलाही २४. हे दोन आकडे सारखे आहेत, त्यातच सगळं आलं. बॅटरी जेमतेम दीड किलोवॉट-तासाची. सिग्नलला थांबलात, ब्रेक दाबलात की ती कमावते. सपाट हायवेला ८० ने जाताना तिला कमवायला काहीच नसतं. तुमच्या डॅलसच्या रोजच्या ट्रॅफिकला तो अगदी योग्य.

डिझेलचं उलट आहे. शेव्हरोले सिल्व्हरॅडोचं तीन लिटरचं ड्युरामॅक्स २०२० च्या टू-व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये हायवेला ३३ दाखवत होतं, म्हणजे १४ किलोमीटर प्रति लिटर. फोर-व्हीलला कमी. हॉर्सपॉवर वरच्या ट्रकांपेक्षा बरीच कमी, पण ओढायची ताकद दणकट, आणि ट्रेलर लावल्यावर ॲव्हरेज पेट्रोलइतकं कोसळत नाही. डिझेलच्या एका गॅलनमध्ये ऊर्जाच जास्त असते आणि पंपावर ते सहसा महागही असतं, म्हणून तुलना मैलांनी न करता डॉलरनी करा. २५००, ३५०० वर्गातल्या मोठ्या डिझेल ट्रकांच्या काचेवर ईपीएचा आकडाच नसतो. एकूण वजनक्षमता (ट्रक आणि त्यातला भार मिळून) ८,५०० पौंडांच्या वर गेली की तो नियम लागू होत नाही. तिथे वहीशिवाय पर्याय नाही.

इलेक्ट्रिकमध्ये उदाहरणादाखल २०२२ च्या एफ-१५० लाइटनिंगचं मोठ्या बॅटरीचं मॉडेल बघा: ५८० हॉर्सपॉवर, १३१ किलोवॉट-तासांची बॅटरी, ३२० मैलांचा पल्ला. भिंतीतून घेतलेल्या विजेचा हिशोब केला तर १०० मैलांना साधारण ४८ किलोवॉट-तास. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज त्यात धरलेली आहे, म्हणून बॅटरी भागिले मैल केलं तर आकडा कमी दिसेल. शहरात याच्या जवळपास कुणी येत नाही. पण उंच ट्रेलर लावलात तर पल्ला निम्म्यावर येतो, आणि पश्चिम टेक्ससमध्ये समोरून वारा असेल तर दोन चार्जरमधलं अंतर आधी मोजूनच निघावं लागतं.

पैशांचा हिशोब करताना एक चूक सगळे करतात. १२ आणि १६ मधला फरक ४ चा, १६ आणि २४ मधला ८ चा, म्हणून दुसरी बचत दुप्पट वाटते. वर्षाला १२,००० मैल धरा: १२ च्या ट्रकला १,००० गॅलन, १६ च्या ट्रकला ७५०, २४ च्या ट्रकला ५००. दोन्ही पायऱ्या अडीचशे-अडीचशेच्याच.

टायर मोठे करायचे असतील तर हेही ऐका. ओळखीतल्या एकाने ३५ च्या जागी ३७ इंची घातले. दुकानाने संगणकात नवं माप भरलंच नाही. त्याचा ओडोमीटर जवळजवळ साडेपाच टक्के कमी मोजत होता, आणि बिचारा सहा महिने ॲव्हरेज पडलं म्हणून एअर फिल्टर आणि प्लग बदलत बसला. थोडं ॲव्हरेज खरंच पडलं होतं, पण बरंचसं नुसतं मोजमापातलं होतं.

तुमच्या वापराला मी पॉवरबूस्ट घेईन. मन रॅप्टरवरच असेल तर जुना बघताना डिस्प्लेच्या मेनूत इंजिनाचे एकूण तास आणि ट्रक उभा असताना इंजिन चाललेले तास दोन्ही पाहा. मैलांना एकूण तासांनी भागा. ४०,००० मैल आणि १,००० तास, म्हणजे सरासरी ४० चा वेग. तो ट्रक बराचसा हायवेला चालला आहे. भागाकार २० च्या खाली आला तर मालक सांगेल त्या ॲव्हरेजच्या आकड्यावर जाऊ नका. टाकी भरून, शंभर मैल चालवून, त्याच पंपावर परत भरून पाहा.