बॅनरवर फोटो माझा, पैसे गेले कुठं?

प्रश्न : मी निलंगा तालुक्यातली, वय ६७. माझे मालक ९ वर्षं फौजेत शिपाई होते, पेन्शनीविना परतले. ते वारल्यावर इथल्या एका ट्रस्टनं माझा फोटो बॅनरवर लावून वर्गणी जमवली. मला ५,००० रुपये अन् साडीचोळी दिली, कोऱ्या पावतीवर सही घेतली. हिशेब विचारला तर म्हणतात, दानात हक्क नसतो. काय करू?

उत्तर : मावशी, दान द्या म्हणून कुणावर सक्ती करता येत नाही, एवढंच त्यांचं खरं. तुमच्या नावानं घेतलेला पैसा मात्र तुमच्याच कामी लागला पाहिजे.

मला घोर लागलाय तो त्या कोऱ्या सहीचा. आजच साध्या कागदावर लिहा : अमुक तारखेला ५,००० रुपये आणि साडीचोळी मिळाली, पावती कोरी होती, बाकी काही मिळालेलं नाही. स्पीड पोस्टानं ट्रस्टला पाठवा, एक प्रत जवळ ठेवा. उद्या त्या पावतीवर ५०,००० चा आकडा चढला तर हे पत्र आडवं येईल.

मग बॅनरचा फोटो, फोनवरून पैसे पाठवणाऱ्यांचे स्क्रीनशॉट जमवून लातूरच्या धर्मादाय कार्यालयात तक्रार द्या. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानं ट्रस्टला हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात, आणि लाभार्थी म्हणून अर्ज करायला तुम्ही पात्र आहात. पैसा खाल्लाच असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांतही जाता येतं.

पण या वर्गणीपायी मोठी गोष्ट राहून जायला नको. हवालदारापर्यंतच्या हुद्द्याच्या, पेन्शन नसलेल्या माजी सैनिकाच्या ६५ वर्षांवरच्या विधवेला, नियमित उत्पन्न नसेल तर, संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून दरमहा अनुदान मिळतं. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांसाठी ते ४,००० चं ८,००० झालंय. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला जमतो तोच हा पैसा. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत करायचा. डिस्चार्ज बुक, म्हणजे फौज सोडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, काढा आणि मालक घरी का आले, ते कारण कुणाकडून तरी वाचून घ्या. आजारपण किंवा अपंगत्व लिहिलेलं असेल तर मला लगेच कळवा. मग पेन्शन मिळायला हवी होती का, हाच प्रश्न उभा राहतो.

वकिलाच्या फीची काळजी करू नका. उत्पन्न कितीही असो, बाईला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. तिथं जाताना सहीच्या दिवशी सोबत असलेल्या माणसाला बरोबर न्या, त्याची साक्ष लागेल.