आजी विचारते, ‘जिंकणार ना?’

या महिन्यात दोन पत्रं घेतली आहेत. दुसऱ्या पत्राचं उत्तर सामन्याच्या आधी ईमेलने कळवावं लागलं. ते जसंच्या तसं छापते आहे, निकाल शेवटी दिला आहे.

प्रश्न : माझी नात अमेरिकेत आयोवा राज्यात हायस्कूलकडून बास्केटबॉल खेळते. तिचे सामने मी सांगलीत पहाटे उठून फोनवर बघते. सामना 32 मिनिटांचा, असं मुलगा सांगतो. पण साडेसहाला सुरू झालेला सामना आठ वाजेपर्यंत चालतो. असं कसं? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, आठ-आठ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणून 32. पण शिट्टी वाजली की घड्याळ थांबतं. फाउल, फ्री थ्रो, बॉल बाहेर, टाइमआउट, ही मिनिटं त्यात धरत नाहीत. बास्केटच्या वरच्या बाजूला दिसणारे छोटे आकडे म्हणजे शॉट क्लॉक. आयोवात तो 2022-23 च्या हंगामापासून आला. बॉल हातात आल्यापासून 35 सेकंदांत बास्केटकडे टाकावाच लागतो. मुलींचा बॉल मुलांच्या बॉलपेक्षा थोडा लहान, 6 नंबरचा असतो. तुमचे साडेसहा म्हणजे तिथले आदल्या संध्याकाळचे सात. त्यामुळे चहा हातात घेऊन निवांत बघा.

प्रश्न : ताई, माझी मुलगी डी मॉइनजवळच्या एका हायस्कूलच्या संघात आहे. अकरावीत. पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारी, पण पहिल्या पाचांत नाही, बेंचवरून येते. शनिवारी रीजनल फायनल, आमच्याच जिममध्ये. जिंकलो तर स्टेटला, म्हणजे राज्य स्पर्धेला, हरलो तर हंगाम संपला. आमचा रेकॉर्ड 17-5 (17 विजय, 5 पराभव), समोरच्यांचा 12-10. डिसेंबरात आम्ही त्यांना 14 गुणांनी हरवलं होतं. इथले पालक म्हणतात, या वेळी वीसने. कोल्हापूरहून आई रोज फोन करून विचारते, ‘जिंकणार ना?’ तुम्ही इतकी वर्षं शाळेच्या टेबलावर बसून स्कोअरबुक लिहिता. अंदाज बांधायचा कसा? आणि तुमचा अंदाज काय? दोन्ही संघांचे आकडे सोबत जोडले आहेत. (स. दे., आयोवा)

उत्तर : आधी ते 17-5 आणि 12-10 बाजूला ठेवा. तुम्ही पाठवलेल्या कागदांत मी समोरच्या संघाचे सामने तारखेप्रमाणे लावून पाहिले. पहिल्या बारांत चार विजय, आठ पराभव. नंतरच्या दहांत आठ विजय. मधे काय झालं? त्यांची उंच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी मुलगी, घोट्याच्या दुखापतीतून जानेवारीत परत आली. म्हणजे डिसेंबरात तुम्ही हरवलेला संघ आणि शनिवारी येणारा संघ, नाव एकच असलं तरी दोन वेगळे संघ आहेत. ते 14 गुण विसरून जा.

मग तुलना कशाची करायची? ती मुलगी परतल्यानंतर तुम्ही दोघेही ज्या संघांशी खेळलात, त्यांची. असे तीन संघ सापडले. तुम्ही त्यांना 9, 6 आणि 11 गुणांनी हरवलंत. समोरच्या संघाने 7, 8 आणि 5 ने. सरासरी काढली तर तुम्ही दोनच गुणांनी सरस. तीन सामने म्हणजे फार तुटपुंजा आधार आहे, पण 22 सामन्यांच्या फसव्या आधारापेक्षा बरा. घरच्या जिमचे मी आणखी दोन धरते. तोच कोर्ट, तीच रिंग, बसचा प्रवास नाही. झाले चार.

तेव्हा माझा अंदाज : तुम्ही चार गुणांनी जिंकाल. वीसचं बोलणाऱ्यांचं ऐकू नका.

पण हा अंदाज एका मुलीवर उभा आहे, तुमच्या मुख्य पॉइंट गार्डवर. मी जानेवारीत तुमचा एक सामना टेबलावरून पाहिला. समोरच्यांनी प्रेस लावली, दोघी अंगावर आल्या, की बहुतेक मुली ड्रिबल थांबवतात, बॉल छातीशी धरतात आणि बेंचकडे बघतात. तिथेच टर्नओव्हर होतो, म्हणजे बॉल समोरच्यांकडे जातो. बॉल हातातून सुटतो तो नंतर, सामना हातातून त्या बघण्यातच गेलेला असतो. तुमची पॉइंट गार्ड बेंचकडे बघत नाही. ड्रिबल चालू ठेवून एक पाऊल मागे येते आणि तिसरी मुलगी मोकळी होईपर्यंत थांबते. या वयात हे फार दुर्मीळ असतं. नागपूरला सिमेंटच्या कोर्टवर आम्ही खेळायचो तेव्हा आमच्या सरांनी हेच शिकवायला दोन वर्षं घालवली होती, तरी मला ते जमलं नाही.

या मुलीचा एकच दोष, फाउल. पाच फाउल झाले की मुलगी बाहेर, आणि पहिल्या हाफमध्ये दोन-तीन झाले की कोच तिला बसवतातच. तुमच्या पाचपैकी तीन पराभवांत ती हाफच्या आधीच तीन फाउलवर होती. म्हणून शनिवारी स्कोअरबोर्डआधी तिचे फाउल मोजा. हाफटाइमला ती दोनवर असेल तर माझे चार गुण पक्के समजा. तीनवर असेल तर सामना तुमच्या मुलीच्या हातात येईल, आणि तिथे मला आकडा सांगता येत नाही.

दुसरी गोष्ट शेवटच्या दोन मिनिटांची. 2023-24 पासून नियम बदलला आहे. क्वार्टरमधल्या पाचव्या टीम फाउलपासून समोरच्यांना सरळ दोन फ्री थ्रो मिळतात, आणि दर क्वार्टरला मोजणी शून्यापासून सुरू होते. पिछाडीवरचा संघ शेवटी मुद्दाम फाउल करतो, तेव्हा बॉल कोणाच्या हातात आहे यावर सगळं असतं. तुमची पॉइंट गार्ड फ्री थ्रो दहात आठ टाकते. बाकीच्या दहात सहासुद्धा नाही.

एकीच्या गुणांवरून मात्र निकाल ओळखू नका. आयोवात तुम्ही राहता म्हणून मुद्दाम सांगते. इथे मुलींचं बास्केटबॉल 1993 पर्यंत सहा-सहा जणींचं होतं. तीन मुली फक्त गोल करायला, तीन फक्त अडवायला, आणि मधली रेष कोणी ओलांडायची नाही. 1968 च्या स्टेट फायनलमध्ये एव्हर्लीच्या जीनेट ओल्सनने एकटीने 76 गुण केले. युनियन-व्हिटनच्या डेनिस लाँगने 64. जिंकलं युनियन-व्हिटन, ओव्हरटाइममध्ये, 113-107. आणि अलीकडचं बघा. केटलिन क्लार्क तुमच्याच भागातल्या डाउलिंग कॅथलिक शाळेची. 2020 मध्ये, शाळेच्या शेवटच्या वर्षी, तिची सरासरी 33 गुणांच्या वर होती. तरी रीजनल फायनलमध्ये सू सिटी ईस्टने त्यांना हरवलं. पुढे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यांत वरच्या विभागात (डिव्हिजन वन) सगळ्यांत जास्त गुण करणारी मुलगी शाळेकडून त्या वर्षी स्टेटला पोचली नाही. मला अजून ते वाईट वाटतं.

आता घरचं. आईंना ‘चारने’ सांगा, त्यांना आकडा आवडेल. मुलीला माझा अंदाज सांगू नका. तिचं नाव माझ्या हिशेबात कुठे आलं आहे हे सामन्याच्या आधी तिला कळायची काहीच गरज नाही. तिला लवकर जेवायला घाला आणि बुटांचे तळवे ओल्या फडक्याने पुसून ठेवायला सांगा. आणि तुम्ही स्वतः एक वही घेऊन बसा. पॉइंट गार्डचे फाउल, दोन्ही संघांचे टर्नओव्हर, दोन्ही संघांचे फ्री थ्रो. तीन रकाने. बाप हात रिकामे ठेवून बसला की रेफरीवर ओरडतो, आणि ते मुलीला ऐकू जातं.

निकाल : 44-46. तुमच्या मुली हरल्या, माझा अंदाज चुकला.

पॉइंट गार्डचा तिसरा फाउल दुसऱ्या क्वार्टरमध्ये तीन मिनिटं उरली असताना झाला. स. दे. यांची मुलगी आत आली आणि एकूण 13 मिनिटं खेळली. तिचे टर्नओव्हर दोन. समोरच्यांनी तिच्यावर लगेच प्रेस लावली. वडील लिहितात, पहिल्या वेळी ती बेंचकडे बघत राहिली आणि बॉल गेला. दुसऱ्या वेळी नाही बघितलं. ती कोर्टवर असताना संघाने तीन गुण जास्त केले. म्हणजे मी जिथे धोका सांगितला होता तिथे काहीच बिघडलं नाही.

सामना गेला तो रिंगखाली. त्या उंच सेंटरने आपल्याच मुलींचे चुकलेले बॉल नऊ वेळा परत मिळवले. त्यातले चार शेवटच्या क्वार्टरमध्ये, आणि 46 वा गुणही त्यातूनच आला. तुम्ही पाठवलेल्या कागदांत तिच्या रिबाउंडचे आकडे होते. मी ते पाहिले आणि पुढे गेले, कारण जानेवारीत पाहिलेली पॉइंट गार्ड माझ्या डोळ्यांसमोर होती. तुमच्या संघात त्या उंचीची एकही मुलगी नाही, हे मला माहीत होतं. ते चार गुण मी तिथेच वजा करायला हवे होते.

स. दे. यांनी वहीच्या पानांचे फोटो पाठवले आहेत. तीनही रकाने नीट भरलेले आहेत. तिसऱ्या पानापासून चौथा रकाना हाताने आखलेला दिसतो, वर लिहिलं आहे, ‘त्यांचे रिबाउंड’. तो तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर सुरू होतो. माझ्या आधी त्यांना कळलं होतं. मुलगी पुढच्या वर्षी बारावीत. कोल्हापूरच्या आजींनी फोनवर विचारलं ते एवढंच, ‘ती जेवली का?’