न्यूट्रॉन वाढत गेले की अणुकेंद्रकाचा आकार हळूहळू बदलतो की एकदम?

मूलद्रव्यावर अवलंबून आहे. एकदम होणारा बदल पाहायचा असेल तर झिर्कोनियम घ्या. इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं.

प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोन्ही सम असलेल्या केंद्रकात आधी पहिली 2+ पातळी, म्हणजे स्पिन 2 असलेली सर्वांत खालची ऊर्जापातळी बघायची (पुढे येणाऱ्या 0+ आणि 4+ मध्येही आकडा स्पिनचाच). गोल केंद्रक उत्तेजित करायला बरीच ऊर्जा लागते, लांबट केंद्रक थोड्याशा ऊर्जेत फिरू लागतं. झिर्कोनियम-96 मध्ये (40 प्रोटॉन, 56 न्यूट्रॉन) ही पातळी 1750 केईव्हीवर (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऊर्जेचं एकक) आहे, 98 मध्ये 1223 वर आणि 100 मध्ये थेट 212 वर. म्हणजे 98 वरून 100 वर जाताना न्यूट्रॉन 58 चे 60 झाले, एवढ्यावरच!

गोल केंद्रक ताणलं जाऊन लांबट होतं, असं इथे घडत नाही. गोल आणि लांबट या दोन्ही रचना आधीपासूनच असतात. 60 न्यूट्रॉनांपाशी त्यांचा ऊर्जेचा क्रम उलटतो. न्यूट्रॉन g7/2 नावाच्या कक्षेत जाऊ लागले की ते g9/2 नावाच्या कक्षेतल्या प्रोटॉनांना जोरात आकर्षतात. त्यामुळे 40 प्रोटॉनांवरची ऊर्जेची फट अरुंद होते, आणखी प्रोटॉन वर चढतात आणि ते उलट न्यूट्रॉनांची g7/2 कक्षा खाली ओढतात. परिणाम एकमेकांना वाढवत जातो, म्हणूनच उडी इतकी मोठी.

मात्र एकट्या 2+ वर निष्कर्ष काढू नका. 4+ आणि 2+ यांच्या ऊर्जांचं गुणोत्तर काढा. आदर्श ताठर, लांबट केंद्रकाला ते 3.33 येतं, गोल केंद्रकाच्या कंपनाला 2 च्या आसपास. झिर्कोनियम-100 मध्ये ते 2.65 आहे, कारण दुसरी 0+ पातळी फक्त 331 केईव्हीवर असल्याने दोन्ही रचना मिसळतात. 102 मध्ये मात्र 3.15. तिथे विरूपणाचं माप बीटा (गोल केंद्रकाला शून्य) साधारण 0.4, म्हणजे लांब अक्ष आखूड अक्षाच्या सुमारे 1.4 पट.

झिर्कोनियम-100 चं अर्धायुष्य सुमारे 7 सेकंद, त्यामुळे कणांचा मारा करण्यासाठी त्याचं लक्ष्य बनवून ठेवता येत नाही. 1970 मध्ये त्याच्या पातळ्या कॅलिफोर्नियम-252 च्या विखंडनातून मिळाल्या. पातळीच्या आयुष्यावरून बीटा काढताना एक चूक नेहमी होते. 102 मध्ये 2+ वरून खाली येणाऱ्या 152 केईव्हीच्या संक्रमणात काही वेळा गॅमा किरणाऐवजी इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तो वाटा वजा केला नाही तर बीटा खऱ्यापेक्षा जास्त येतो. शिवाय या मोजणीतून बीटाचं चिन्ह कळत नाही, लांबट की चपटं हे वेगळं ठरवावं लागतं.

शेजारच्या मॉलिब्डेनममध्ये असा झटका नाही: 100, 102, 104 मध्ये तीच पातळी 535, 296, 192 अशी पायरीपायरीने उतरते.