पागोळ्या पडू द्या: कोकणातल्या घरा-बागेबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांसोबत फोटो आले आहेत. बालीतले व्हिला, पोर्तुगालमधली पांढरी घरं, सिंगापूरची हॉटेलं. फोटो जमवण्यात काही चूक नाही, मीही जमवतो. पण प्रत्येक फोटोला एक प्रश्न जरूर विचारा: या घराच्या छपरावरचं पाणी कुठे जातं? खालच्या उत्तरांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल.

गुहागरजवळ, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर घर बांधतोय. आर्किटेक्टचा आराखडा मला फार आवडलाय: चौकोनी, पांढरं, सपाट स्लॅब आणि पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच. आई म्हणते, कौलंच हवीत. कोणाचं ऐकू?

आधी हिशेब करू. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छप्पर १०० चौरस मीटरचं धरलं, तर एका पावसाळ्यात त्यावर तीन लाख लिटर पाणी उतरणार. १०० मिलिमीटर पावसाचा एकच दिवस आला तरी १०,००० लिटर. सपाट स्लॅबवरून हे सगळं दोन-चार पाइपांनी बाहेर काढायचं आणि त्यातल्या एकाच्या तोंडाशी आंब्याची पानं अडकली की तळं साचायचं. म्हणूनच गावोगावी स्लॅबच्या घरांवर नंतर पत्र्याची शेड चढलेली दिसते. आई सांगतात त्यामागे हा अनुभव आहे.

आता काच. तुमची पश्चिम बाजू ही सगळ्यात देखणी आणि सगळ्यात अवघड बाजू. समुद्राचा वारा तिथूनच येतो, दुपारचं ऊन तिथूनच आणि जुलैतली आडवी झडही तिथूनच. हाच पेच आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया यांच्यापुढे मुंबईत कांचनजुंगा इमारतीच्या वेळी होता. १९८३ साली पूर्ण झालेल्या त्या उंच इमारतीत त्यांनी जुन्या बंगल्याची पडवी वर नेली. घराच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची बागेची गच्ची आणि खोल्या तिच्या आत, ऊनपावसापासून मागे. इमारत पूर्ण आधुनिक दिसते, पण तिचा मेंदू पडवीचा आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या अजून जवळचं. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावात नारळाच्या बागेत आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’ या संस्थेने २००७ मध्ये पाल्मायरा हाउस बांधलं. दोन लांबट लाकडी घरं, मधे मोकळी जागा आणि भिंतींच्या जागी ताडाच्या लाकडाच्या आडव्या पट्ट्यांच्या झडपा. वारा आत येतो, ऊन चाळून येतं, बाग आतून दिसत राहते. जगभरच्या मासिकांनी छापलेलं हे घर आपल्याच किनाऱ्यावरच्या सामग्रीतून उभं राहिलं, याचा मला फार आनंद वाटतो.

तेव्हा आर्किटेक्टला सांगा: चौकोनी मांडणी ठेवा, पांढरा रंग ठेवा, पण छप्पर उतरतं करा आणि भिंतीबाहेर तीन-चार फूट काढा. पश्चिमेला आठ फूट रुंद पडवी घ्या आणि काच तिच्या मागे लावा. कौलं मंगलोरी असोत की दुसरी, उतार २५-३० अंशांपेक्षा कमी नको. पागोळ्या जिथे पडतील तिथे जांभ्याची खडी भरलेला चर करा आणि ते पाणी विहिरीकडे वळवा. समुद्र इतका जवळ असताना बिजागऱ्या आणि कड्या साध्या लोखंडाच्या नकोत. स्टेनलेस स्टील घेणार असाल तर ३१६ प्रतीचं मागा. ३०४ खाऱ्या हवेत डागाळतं.

आमचं घर मालवण तालुक्यात, चिऱ्याचं, प्लास्टर न केलेलं. पावसाळ्यात भिंती काळ्या पडतात. दुकानदार म्हणतो पारदर्शक कोट मारा, गवंडी म्हणतो सिमेंटचं प्लास्टर करा.

शक्यतो दोन्ही नको. जांभा, म्हणजे तुमचा चिरा, सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात ओल घेतो, ऑक्टोबरच्या उन्हात सोडतो. वरून कोट मारला की जोत्यातून चढलेली आणि भेगांतून शिरलेली ओल आतच कोंडते, मग वरचा थर पोपडे धरून निघतो. सिमेंटचं प्लास्टरही जांभ्यावर कालांतराने सुटतं. दगडांमधले सांधे भरायचे असतील तर चुन्याचा माल वापरा. चुना भिंतीसोबत श्वास घेतो.

काळेपणा येतो तो शेवाळाचा, आणि तो सगळ्या भिंतीवर सारखा नसतो. नीट पाहा: बहुधा खालच्या दोन-तीन थरांवर जास्त असेल, जिथे पागोळ्यांचं पाणी आपटून उडतं. तिथे लादी काढून खडी किंवा झाडोरा आणला की पाणी उडणं कमी होतं. उरलेलं शेवाळ पावसाळ्यानंतर नारळाच्या काथ्याने घासून काढा.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केरळात अनेक वर्षं प्लास्टर नसलेल्या विटांची घरं बांधली. खर्च वाचला आणि गवंड्याचा हात दिसत राहिला. उघडा चिरा ही तशीच अभिमानाने दाखवायची गोष्ट आहे. फक्त नवीन चिरा घेताना निवडून घ्या: वजनाला जड, हातोडीने टोकल्यावर खणखणीत, पांढरी-पिवळी माती भरलेली भोकं कमी. ती माती पावसात धुऊन जाते आणि दगड पोकळ होतो.

राजापूरजवळ सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, दोन एकर जागा घेतलीय. सगळा कातळ. जेसीबीने फोडून माती टाकून लॉन आणि पाम लावायचा विचार आहे. कोणती हिरवळ टिकेल?

या प्रश्नाचं उत्तर देताना मी तुमच्या विरोधात बोलणार आहे, माफ करा. तिथे लॉन लावू नका.

पाण्याचंच पाहा. एका गुंठ्याच्या हिरवळीला उन्हाळ्यात दिवसाला साधारण ५०० लिटर पाणी लागतं. मे महिन्यात खालच्या वाडीत बायका कळशी घेऊन उभ्या असताना सड्यावर स्प्रिंकलर फिरवायचे, हे मनाला पटेल का?

आणि तुमच्याकडे बाग आधीपासून आहेच. जूनच्या पहिल्या सरीनंतर कातळाच्या खळग्यांत पाणी साचतं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात सडा फुलतो. सीतेची आसवं निळीजांभळी पसरतात. ही इवलीशी वनस्पती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून जगते. गेंदाची पांढरी बटणं उठतात. दिपकाडीची पांढरी फुलं मृगाच्या सुमारास येतात. ही कोकणच्या सड्यांची खास वनस्पती, दुसरीकडे मिळत नाही. बाहेरून आणलेल्या मातीचा थर पडला की हे सगळं गाडलं जातं, आणि त्या मातीतून रानमोडीचं तण येतं.

ब्राझीलचे रोबेर्तू बुर्ले मार्क्स (१९०९-१९९४) हे विसाव्या शतकातले मोठे उद्यानरचनाकार. त्यांच्या तरुणपणी ब्राझीलमध्ये बागा युरोपीय झाडांच्या लावत. १९२८ च्या सुमारास ते बर्लिनला गेले आणि तिथल्या वनस्पती उद्यानाच्या काचघरात त्यांना आपल्याच देशाची झाडं मौल्यवान म्हणून जपलेली दिसली. परत येऊन त्यांनी जन्मभर त्याच झाडांच्या बागा केल्या. सड्यावरच्या माणसाने उचलायचं ते हे.

घर कातळाच्या एका कडेला बांधा, शक्यतो जिथे आधीच वाट गेलेली आहे. श्रीलंकेत आर्किटेक्ट जेफ्री बावा यांनी कंदलामा हॉटेल कड्याला लागून बांधलं आणि खडक सरळ आत येऊ दिला. आज ती इमारत वेलींनी झाकली गेली आहे. तुम्हीही ओटीची जमीन म्हणून कातळ तसाच ठेवू शकता. चालायला जांभ्याची अरुंद पाखाडी करा, बाकी मोकळं. सावली हवी तर घराभोवतीच्या खळग्यांत करवंद, कुडा, बकुळ लावा.

एक गोष्ट जेसीबी येण्याआधीची. राजापूर परिसरात बारसू, देवाचे गोठणे, देवी हसोळ इथे कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, आहेत आणि २०२२ मध्ये कोकणातली ही स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. तुमच्या दोन एकरांत चित्र असू शकतं. सकाळी किंवा संध्याकाळी, तिरप्या उन्हात सगळा कातळ पायी फिरून पाहा. रेघ दिसली तर काम थांबवून पुरातत्त्व विभागाला कळवा.

वेळासजवळ होमस्टे आहे. किनाऱ्याकडच्या बागेत रात्री रंगीत फोकस लावायचे आहेत.

नको. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि बाहेर आलेली पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात. तुमचा फोकस त्यांना समुद्राऐवजी बागेत आणेल. पायवाटेला गुडघ्याइतक्या उंचीचे, खाली तोंड असलेले पिवळे दिवे पुरे, आणि किनाऱ्याकडची बाजू अंधारी ठेवा.

श्रीवर्धनला आमची नारळी-पोफळीची वाडी ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आडवी झाली. आता नव्याने लावतोय. समुद्राकडून उंच काँक्रीटची भिंत घालावी का?

इतक्या वर्षांची वाडी एका दुपारी पडलेली पाहणं फार कठीण असतं. तरीही भिंत नको. भरीव भिंतीवर वारा आपटतो, वरून उसळतो आणि पलीकडे भोवरे करून खाली येतो. झाडांची फळी वाऱ्याला अडवत नाही, चाळते, त्यामुळे तिच्यामागे बऱ्याच अंतरापर्यंत जोर कमी राहतो. शिवाय भरतीरेषेजवळच्या बांधकामाला सीआरझेडचे, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचे, नियम लागू आहेत. काही करण्याआधी परवानगीचं पाहा.

फळी एकाच झाडाची नको. नुसत्या सुरूच्या रांगा लावायची सवय सोडा. तो परदेशी आहे आणि त्याच्याखाली फारसं काही उगवत नाही. वाळूवर मर्यादावेल, तिच्या मागे केवडा, मग उंडी, करंज आणि भेंड. उंडी सावकाश वाढते पण खारा वारा सोसते. त्यांच्या आत नारळ, आणि पोफळी सगळ्यात आत, आडोशाला. हद्दीला गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत, घाला, कमरेएवढा, पाणी जायला मधे वाटा ठेवून. रोपं मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लावा आणि पहिली दोन वर्षं समुद्राच्या बाजूने चुडतांच्या झापांचा आडोसा ठेवा. नाहीतर उंडीचे कोवळे शेंडे खाऱ्या वाऱ्याने करपतात.